स्पॅनिश शिकवताना मधली भाषा कुठली? मराठीचा आधार, पद्धती आणि धड्यांचा क्रम

काना_मात्रा
समजा, आठ प्रौढांचा वर्ग आहे. आठवड्यातून दोनदा, दीड दीड तास. सगळ्यांची घरची भाषा मराठी, पण पाठ्यपुस्तक इंग्रजीतून समजावणारं. अशा वर्गात विद्यार्थी मराठीत विचार करतो, त्याचं इंग्रजी करतो आणि मग स्पॅनिश. म्हणजे एका नदीसाठी दोन पूल.
प्रश्न असा: ए-१, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीला व्याकरण थेट मराठीतून समजावलं तर फायदा किती आणि धोका कुठे? की मधे कुठलीच भाषा नको, पहिल्या दिवसापासून फक्त स्पॅनिश? शिवाय धड्यांचा क्रम पुस्तकाचाच ठेवावा की बदलावा? प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी नेमकं सांगा. 'आवड असली की सगळं जमतं' छापाचे प्रतिसाद नकोत.

अर्धविराम
आवड असली की सगळं जमतं.
(पळतो.)

आडवी_रेघ
मधे भाषा नकोच. बर्लिट्झच्या शाळा १८७८ पासून याच तत्त्वावर चालल्या. वस्तू दाखवा, शब्द म्हणा, विचारा, उत्तर घ्या. मराठी आणली की तासाभरातली चाळीस मिनिटं 'याला मराठीत काय म्हणतात' यात जातात आणि विद्यार्थी खूश होऊन घरी जातो, कारण त्याला सगळं 'समजलेलं' असतं. बोलता मात्र काहीच येत नाही.

वेलांटी
आडवी_रेघ, चाळीस मिनिटांबद्दल सहमत. पण चार मिनिटं दिली तर काय होतं ते बघा.

पहिलं उदाहरण 'गुस्तार', म्हणजे आवडणं. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी 'आय लाइक'चा साचा घेऊन येतो आणि 'यो गुस्तो' म्हणतो. मग शिक्षक फळ्यावर बाण काढत बसतो: आवडणारी वस्तू कर्ता, आवडून घेणारा माणूस कर्ता नव्हे, वगैरे. मराठीत हा बाण लागतच नाही.
मला पुस्तक आवडतं = मे गुस्ता एल लिब्रो.
मला पुस्तकं आवडतात = मे गुस्तान लोस लिब्रोस.
मला तू आवडतोस = मे गुस्तास.
क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं हे मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेलंच आहे. 'दोलेर'चंही तेच: डोकं दुखतं, मे द्वेले ला काबेसा; पाय दुखतात, मे द्वेलेन लोस प्येस.

दुसरं म्हणजे माणसाआधी येणारा 'आ'. बेओ एल लिब्रो, पण बेओ आ मारिया. इंग्रजी पुस्तकं याला खास नियम म्हणून चौकट देतात. आपण 'पुस्तक बघतो' आणि 'मारियाला बघतो' म्हणतो, 'मारिया बघतो' म्हणत नाही. आणि बारकावासुद्धा जुळतो: 'डॉक्टर शोधतोय' म्हणजे कुणीही चालेल, बुस्को उन मेदिको. 'एका डॉक्टरला शोधतोय' म्हणजे ठरावीक माणूस डोक्यात आहे, बुस्को आ उन मेदिको. हे मराठीतून सांगायला दोन मिनिटं पुरतात.

नवखी
'ला'चा घोळ होत नाही का? स्पॅनिशमध्ये 'ला' वेगळाच असतो ना?

अर्धविराम
मराठीचा 'ला' नामाच्या मागून येतो. स्पॅनिशचा 'ला' पुढून येतो आणि फक्त स्त्रीलिंगी नामांसोबत फिरतो. ओळख असल्याचं दोघंही दाखवत नाहीत.

बडबडगीत
वेलांटी, उदाहरणं सुंदर आहेत, पण ही समजण्याची सोय झाली. तोंडात बसण्याची नाही. 'मे गुस्तान' तोंडात बसायला ते अर्थासकट शेकड्यांनी ऐकावं लागतं. म्हणून प्रश्न मराठी की इंग्रजी हा नसून, तासातली किती मिनिटं समजेल असं स्पॅनिश कानावर पडतं हा आहे.

दुसरी भाषा कशी शिकली जाते यावर लिहिणारे क्रॅशन आणि टेरेल यांचं म्हणणं थोडक्यात हेच: समजणारं, पण किंचित वरच्या पायरीचं ऐका-वाचा. यातले ट्रेसी टेरेल स्वतः स्पॅनिशचे प्राध्यापक होते आणि ही पद्धत त्यांनी १९७७ मध्ये मांडली, ती स्पॅनिशच्या वर्गांकडे बघूनच. पुढे कॅलिफोर्नियातले स्पॅनिश शिक्षक ब्लेन रे यांनी १९९० च्या सुमारास त्याला गोष्टीचं रूप दिलं, टीपीआरएस. आठ जणांच्या वर्गाला ती अगदी फिट बसते. कृती अशी:

एका तासाला फक्त तीन नवे तुकडे. उदा. क्येरे (त्याला हवंय), बा आ (जातो), नो आय (नाहीये). फळ्यावर स्पॅनिश आणि शेजारी मराठी अर्थ, उघडपणे. अंदाज लावायला लावू नका, त्यात वेळ जातो आणि चुकीचा अर्थ रुजतो.
मग एक वाक्य: उन गातो क्येरे उन लिब्रो. मांजराला पुस्तक हवंय.
त्याच वाक्याभोवती प्रश्नांची फेरी. आधी 'हो' येणारा प्रश्न, मग 'नाही' येणारा (मांजराला टेबल हवंय का?), मग दोहोंतलं एक (पुस्तक की टेबल?), मग कोणाला, काय, कुठे, आणि शेवटी वर्गाने भर घालायची: कसलं पुस्तक? एका वाक्यावर आठ-दहा प्रश्न. उत्तर एका शब्दाचं चालतं.
तासाच्या शेवटी तेच सगळं लेखी गोष्ट म्हणून वाचायचं.

बिघडतं कुठे? शिक्षकाला कंटाळा येतो आणि तो चौथा, पाचवा, नववा नवा शब्द घुसवतो. तिथे वर्ग हातातून जातो. दुसरी चूक म्हणजे घाई. शिक्षकाला स्वतःला चीड येईल इतकं सावकाश बोललं की विद्यार्थ्यांना बरोबर वेग मिळतो.

आडवी_रेघ
म्हणजे फळ्यावर मराठी आली की नाही शेवटी?

बडबडगीत
आली. सहा शब्द. त्यावर माझं भांडण नाही. बोलण्यात येऊ नये.

रफार
उच्चाराचं कुणीच बोललं नाही, म्हणून जरा सविस्तर.

मराठी माणसाला स्पॅनिश उच्चार जवळजवळ फुकट मिळतात, पण तो ते इंग्रजीपायी घालवतो. स्पॅनिशचे त आणि द दंत्यच आहेत. प, त, क यांच्यात हवेचा झोत नाही, अगदी आपल्यासारखं. इंग्रजी भाषकांना यावर महिनोन् महिने घासावं लागतं. पण रोमन लिपी डोळ्यांसमोर आली की आपली जीभ आपोआप मागे वळते आणि 'ताक्सी'ची 'टॅक्सी' होते. स्वरांचंही तेच. 'उनिबेर्सिदाद' वाचताना सुरुवातीचा उ 'यु' होऊन बसतो. दोष कानाचा नाही, लिपीच्या सवयीचा आहे. म्हणून पहिले तीन-चार तास शब्द आधी ऐकवा, म्हणून घ्या आणि मगच लिहून दाखवा.

लांब र. पेरो म्हणजे 'पण', पेर्रो म्हणजे 'कुत्रा'. जिभेचे व्यायाम, पेन्सिल दातात धरणं वगैरे प्रकार नकोत. भुर्र, टर्र, सर्र हे शब्द जोर देऊन म्हणायला लावा, जीभ थरथरतेच. मग 'टर्र'मधला र्र तोडून 'पे' आणि 'ओ'च्या मधे ठेवा. दोन र लिहिलेले असतील तिथे तर थरथर हवीच, पण शब्दाच्या सुरुवातीला आणि न, ल, स नंतर एकच र लिहूनही ती येते: रोसा, एन्रिके, आल्रेदेदोर. ही दुसरी बाब पुस्तकात तळटीपेत असते आणि वर्गात राहून जाते.

खरी अडचण आघाताची. मराठीत आघात बदलून अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे बहिरा असतो. 'आऽब्लो' म्हणजे मी बोलतो. 'आब्लोऽ' म्हणजे तो बोलला. काळही बदलला, कर्ताही बदलला! 'तेऽर्मिनो, तेर्मिऽनो, तेर्मिनोऽ' ही तिकडी घ्या: संज्ञा किंवा मुदत, मी संपवतो, त्याने संपवलं. नियम सोपा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर उपान्त्य अक्षरावर जोर, नाहीतर शेवटच्या अक्षरावर. नियम मोडला की डोक्यावर तिरकी रेघ. म्हणजे रेघ नसली तरी वाचणाऱ्याला आघात कळतोच. इतकी सोय फार कमी लिप्यांत असते.

सराव असा: शिक्षक शब्द म्हणतो, विद्यार्थी फक्त बोटाने दाखवतो, पहिलं, दुसरं की तिसरं अक्षर. म्हणायचं नाही. रोज तीन मिनिटं, दोन आठवडे. आधी ऐकू आलं पाहिजे, तोंड नंतर.

वेलांटी
अवग्रहाने आघात दाखवलात ते सोयीचं आहे, पण विद्यार्थी तो स्वर लांबवतात. स्पॅनिशमध्ये ऱ्हस्व-दीर्घ असा भेदच नाही. आघाताचं अक्षर किंचित लांब होतं इतकंच.

रफार
मान्य. अवग्रह या धाग्यापुरता. वर्गात ते अक्षर अधोरेखित करा.

नवखी
मग स्पॅनिश देवनागरीत लिहून घ्यायचं का? मी वहीत तसंच लिहिते.

रफार
पहिले दोन आठवडे हो, तेही उच्चाराची आठवण म्हणून, कंसात. नंतर बंद. कारण देवनागरीत जे दिसत नाही तेच लेखी परीक्षेत विचारतात: ब आवाजाची दोन अक्षरं (बे आणि उबे, उच्चार एकच), मुका ह, आणि स साठी लिहिली जाणारी तीन वेगळी अक्षरं. देवनागरी वहीवर वाढलेला विद्यार्थी उत्तम बोलतो आणि भयंकर लिहितो.

अर्धविराम
शिवाय वेलांटी पहिली की दुसरी यावर मराठी वर्गात अर्धा तास वाद होईल तो वेगळाच. 'कासि' की 'कासी'?

वेलांटी
माझं नाव घेऊन चाललंय म्हणून परत येते. 😀

आता मराठीचा आधार कुठे घसरतो ते, कारण मूळ प्रश्नात धोका विचारला होता.

सगळ्यात मोठा खड्डा 'आहे'. आपण एका 'आहे'वर संसार चालवतो, स्पॅनिशमध्ये त्याचे चार तुकडे होतात:
पुस्तक जाड आहे: एस (सेर).
पुस्तक टेबलावर आहे: एस्ता (एस्तार).
टेबलावर पुस्तक आहे: आय.
मला दोन भाऊ आहेत: तेंगो (तेनेर).
दुसरं आणि तिसरं वाक्य पुन्हा वाचा. शब्द तेच, फक्त क्रम उलटा. वस्तू आधी आली तर ती कुठली ते ठाऊक आहे, फक्त जागा सांगायचीय: एस्तार. जागा आधी आली तर तिथे काय आहे ते नव्याने सांगतोय: आय. स्पॅनिशमध्ये हाच भेद उपपदांतून दिसतो. 'एल, ला, मि' असेल तर एस्ता. 'उन, उना', आकडा किंवा नुसतं नाम असेल तर आय. मराठी वाक्यक्रमाने ही जोडी शिकवली तर 'एस्ता उन लिब्रो' ही हमखास चूक बरीच कमी होते.

अर्धविराम
'आय' एकवचनी-अनेकवचनी बदलते का?

वेलांटी
नाही. आय उन लिब्रो, आय दोस लिब्रोस.

अर्धविराम
बरोबर. लेकरं कितीही असोत, आय एकच.

काना_मात्रा
हे वर्गात वापरणार. 😂
पण सेर-एस्तारचं काय? 'कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार' असं सांगून मोकळं होतात सगळे.

वेलांटी
तो नियम फळ्यावरून पुसा. मेलेला माणूस कायमचाच मेलेला असतो, तरी 'एस्ता म्वेर्तो'. वेळ क्षणात बदलते, तरी 'सोन लास दोस' (दोन वाजलेत), म्हणजे सेर. त्यापेक्षा असं: ओळख, जात, व्यवसाय, मूळ गाव, कशापासून बनलंय, वेळ-वार, यांना सेर. जागा आणि अवस्था, म्हणजे 'बदल होऊन आता असं आहे', यांना एस्तार.

जोड्या मराठीतून छान निघतात, कारण मराठीत तिथे वेगळा शब्दच येतो. एस आबुर्रिदो: तो कंटाळवाणा आहे. एस्ता आबुर्रिदो: तो कंटाळलाय. एस लिस्तो: हुशार आहे. एस्ता लिस्तो: तयार आहे. 'कंटाळला', 'बसला', 'मेला', 'थकला' असं 'ला' लागलेलं रूप सुचलं की बहुतेक वेळा एस्तार. 'लग्न झालेला' हा शब्द त्यात आला तर एस्ता कासादो जास्त चालतं, पण एस कासादोही चूक नाही, म्हणून परीक्षेच्या आधी त्यावर वाद घालू नका.

एक फसवा मोह: 'असतो' म्हणजे सेर आणि 'आहे' म्हणजे एस्तार. 'तो शांत असतो' आणि 'तो शांत आहे' इथे ते जुळल्यासारखं वाटतं. पण 'तो संध्याकाळी घरी असतो' यात असतो असूनही एस्तारच. आपला 'असतो' सवय सांगतो, स्वभाव नाही.

पाटीपेन्सिल
'मला'चंही असंच घसरतं. गुस्तारच्या यशाने विद्यार्थी चेकाळतो आणि प्रत्येक 'मला'ला 'मे' लावतो. एक तक्ता भिंतीवर हवा.
'मे' लागतं: आवडणं (गुस्तार), दुखणं (दोलेर), वाटणं (पारेसेर), कमी पडणं (फाल्तार), कपडा अंगाला बसणं (केदार).
'मे' लागत नाही, सरळ 'मी' होतो: हवंय (क्येरो), येतं किंवा माहीत आहे (से), समजतं (एन्त्येंदो), भूक लागलीय (तेंगो आंब्रे), जावं लागतं (तेंगो के इर).
दुसऱ्या ओळीतल्या चुका दोन-तीन महिने होत राहतात. प्रत्येक वेळी नियम सांगू नका, तक्त्याकडे बोट दाखवा.

दूरस्थ
कुठलं स्पॅनिश शिकवायचं हेही ठरवा. स्पेनमध्ये 'तुम्ही सगळे'ला बोसोत्रोस आणि त्याची वेगळी क्रियारूपं. लॅटिन अमेरिकेत सगळीकडे उस्तेदेस. अर्जेंटिना, उरुग्वेमध्ये 'तू'च्या जागी बोस: तू त्येनेस नाही, बोस तेनेस, तू एरेस नाही, बोस सोस. स्पेनच्या बहुतेक भागात से-सी-झेताचा (ce, ci, z) उच्चार जीभ दातांत धरून, इतरत्र साधा स. बोलायला एकच निवडा, ऐकायला सगळे.
'कोखेर' हे क्रियापदही एकदा सांगून ठेवा. स्पेनमध्ये बस 'पकडायला' बिनधास्त वापरतात. मेक्सिको-अर्जेंटिनात वापरलं तर बसमधले लोक वळून बघतील.

नवखी
का?

दूरस्थ
मोठी झाल्यावर सांगेन.

आडवी_रेघ
विषय भरकटतोय. भूतकाळाला मराठीचा काही उपयोग आहे का? तिथे इंग्रजी तर पार अपुरी पडते.

वेलांटी
भरपूर आहे. इंग्रजीचा साधा भूतकाळ एकच. आपल्याकडे 'गेलो', 'जायचो', 'जात होतो', 'जात असे'. 'गेलो' म्हणजे फ्वि. बाकी तिन्ही म्हणजे इबा. 'माहीत होतं' साबिया, 'कळलं' सुपे. 'ओळखत होतो' कोनोसिया, 'ओळख झाली' कोनोसि. इंग्रजी पुस्तकं या शेवटच्या दोन जोड्यांना 'अर्थ बदलणारी क्रियापदं' म्हणून वेगळं प्रकरण देतात. मराठीत बदलतं काहीच नाही, शब्दच वेगळे आहेत.

आता घसरण. 'तीन वर्षं मी तिथे राहत होतो.' मराठी कान म्हणतो, 'होतो' आहे, म्हणून बिबिया. चूक. मुदत सांगितली, म्हणजे डबा बंद झाला: बिबि आयि त्रेस आन्योस. 'दोन तास पाऊस पडत होता' हेही तसंच, ल्योब्यो दोस ओरास. 'किती वेळ' याचं उत्तर वाक्यात असेल तर मराठी रूपाकडे बघू नका. हा एक अपवाद लक्षात ठेवला तर बरंच काम होतं.

दुसरी सावधगिरी: 'त्याने पुस्तकं वाचली' यात आपलं क्रियापद पुस्तकांमागे जातं. स्पॅनिशमध्ये ते वाचणाऱ्यामागेच राहतं: लेयो लोस लिब्रोस. गुस्तारमध्ये वस्तूमागे जायचं आणि इथे नाही, हे एकदा शेजारी शेजारी लिहून दाखवावं.

पाटीपेन्सिल
आणि सुब्हुंतिबो, म्हणजे इच्छा-शंकेची क्रियारूपं? त्याच्या नावानेच लोक वर्ग सोडतात.

वेलांटी
अर्धं आपल्याकडे आहे. 'त्याने यावं अशी माझी इच्छा आहे': क्येरो के बेंगा. हे 'यावं, करावं, बोलावं' म्हणजे इच्छा, विनंती, सल्ला यांतला सुब्हुंतिबो. तिथपर्यंत मराठी डोळे मिटून चालते. शंकेला मात्र नाही. 'तो येईल असं वाटतं' क्रेओ के ब्येने, आणि 'तो येईल असं वाटत नाही' नो क्रेओ के बेंगा. मराठीत दोन्हीकडे 'येईल'च, स्पॅनिशमध्ये नकार आला की रूप बदललं. 'तो आला की सांग' यातही क्वांदो बेंगा. म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त 'वं'ची वाक्यं, शंका आणि 'क्वांदो' पुढच्या महिन्यात. आणि हे बी-१ चं आहे. ए-१ च्या वर्गात त्याचं नाव काढू नका.

बडबडगीत
इथे एक भर. भाषाशिक्षणाचे अभ्यासक व्हॅनपॅटन यांचा मुद्दा व्याकरण शिकवणाऱ्यांनी जरूर घ्यावा. विद्यार्थी वाक्यातला सोपा शब्द धरतो आणि प्रत्यय सोडून देतो. 'आयेर आब्लो' ऐकलं की 'आयेर'वरून 'काल' कळलं, मग शेवटच्या जोराकडे लक्ष द्यायची गरजच काय? म्हणून सरावातून काल-आज-उद्या काढून टाका. वीस वाक्यं ऐकवा, विद्यार्थ्याने फक्त 'मी आत्ता' की 'तो तेव्हा' यावर खूण करायची. रूप ऐकल्याशिवाय उत्तर देताच येऊ नये. १९९३ चा त्यांचा आणि कादिएर्नो यांचा अभ्यास स्पॅनिशमधल्या 'लो, ला' या सर्वनामांवरच होता. 'लो बिसिता ला चिका' ऐकून नवशिके पहिल्या शब्दाला कर्ता समजतात आणि 'तो मुलीला भेटतो' असा उलटा अर्थ लावतात.

वेलांटी
आणि 'लो'ला 'त्याला' म्हटलं की मराठीत वाक्य आपसूक सरळ होतं: त्याला ती मुलगी भेटायला जाते. पण पुढे 'ले' आला की अडतं, कारण तोही 'त्याला'च. पाहतो 'त्याला' लो, देतो 'त्याला' ले. चाचणी अशी: वाक्यात 'काय दिलं, काय सांगितलं' असं विचारता आलं तर ले. स्पेनमध्ये पुरुषासाठी लोच्या जागी ले म्हणतात, ते मान्यही आहे. ऐकून गोंधळू नये इतकंच सांगावं.

नवखी
पोर आणि पारा?

पाटीपेन्सिल
पारा म्हणजे 'साठी' आणि मुदतीचा 'पर्यंत'. पोर म्हणजे 'मुळे', 'खातर', 'ऐवजी', 'मधून', 'च्या बदल्यात'. 'साठी' म्हणताना तिथे 'खातर' बसतंय का बघा. 'माझ्याखातर केलं' तर पोर मि. 'हे माझ्यासाठी आणलं' यात खातर बसत नाही, मग पारा मि. शंभर टक्के नाही, पण ए-२ पर्यंत पुरतं.

शब्दांच्या पाठांतराबद्दलही लिहितो. सेबास्टियन लाइटनर यांची १९७२ ची डब्यांची युक्ती अजून उत्तम आहे: आलेलं कार्ड पुढच्या खणात, चुकलेलं थेट पहिल्या खणात. खण उघडायचे रोज, दोन दिवसांनी, चार, आठ, सोळा. फोनमधली ॲप्स हेच करतात. चुका तीन. सुट्टे शब्द लिहिणं, नामाआधी एल-ला न लिहिणं, आणि उत्साहात रोज तीस नवी कार्डं घालणं. रोज आठ-दहा पुरे. रोज तीस घातली तर उजळणी काही आठवड्यांत शंभराच्या घरात जाते आणि मग लोक डबा माळ्यावर टाकतात.
एल-ला का, तर ला मानो (हात), एल दिया (दिवस), एल प्रोब्लेमा, एल इदिओमा. आणि 'एल आग्वा फ्रिया': पाणी स्त्रीलिंगीच, फक्त सुरुवातीच्या आघाताच्या 'आ'मुळे एल लागतं, म्हणून विशेषण फ्रिया.

दूरस्थ
स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेचं कुणाला हवं असेल तर: डेले ही परीक्षा ठरावीक पातळीची असते, उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. ए-१ ते सी-१ पर्यंत वाचन-लेखन एक गट, ऐकणं-बोलणं दुसरा. प्रत्येकी ५० पैकी ३० हवेत. एका गटात ५० मिळवून दुसऱ्यात २८ पडले तर नापास. देवनागरी वहीवाल्यांनी नोंद घ्यावी. प्रमाणपत्राला मुदत नाही. सिएले ही दुसरी परीक्षा, संगणकावरची, गुणांवरून पातळी सांगणारी, पाच वर्षं चालणारी.

काना_मात्रा
खजिना मिळाला. आता मूळ प्रश्नाकडे. यातून पहिल्या दहा तासिकांचा क्रम कसा लावाल? पुस्तक सेर-एस्तारने सुरू होतं.

बडबडगीत
मी पुस्तकाचे पहिले दोन धडे उलटे करेन. तासिका १ ते ३: आज्ञा. ऊठ, बस, दार उघड, पुस्तक दे. जेम्स ॲशरची पद्धत. विद्यार्थी बोलत नाही, हालचाल करतो. रफारची बोटांची कसरत इथेच. ४ ते ६: तीन तुकड्यांच्या गोष्टी, क्येरे, त्येने, बा, आय, गुस्ता हे सगळं त्यातच येतं.

वेलांटी
सातव्याला गुस्तार मराठीतून, पाच मिनिटं, कारण तोवर तो त्यांनी ऐकलेला असेल. आठव्याला आय विरुद्ध एस्ता, वाक्यक्रमाने. नवव्याला सेर. सेर-एस्तार एकाच तासात शेजारी ठेवू नका, दोन्ही कच्चे असताना एकमेकांत मिसळतात.

आडवी_रेघ
दहाव्याला मराठी बंद आणि काम. दोघादोघांना एकाच खोलीचं चित्र द्या, पण दोन्हींत सहा वस्तू वेगळ्या ठिकाणी. एकमेकांचं चित्र न बघता फरक शोधायचे, पंधरा मिनिटांत. आय आणि एस्ता वापरल्याशिवाय सुटतच नाही. शिक्षकाने मधे तोंड घालायचं नाही, चुका कागदावर टिपायच्या आणि शेवटी त्यातल्या तीनच फळ्यावर. मराठीतून समजावण्यावर माझा आक्षेप दहा मिनिटांपुरता मागे घेतो. तासाला दहाच, दर महिन्याला वाढवायची नाहीत.

काना_मात्रा
ठरलं. जाता जाता चाचणी घ्या माझी. 'वर्गात आठ जण आहेत': आय ओचो. 'आठही जण वर्गात आहेत': एस्तान. बरोबर?

वेलांटी
बरोबर. आणि 'कार्यक्रम वर्गात आहे'?

काना_मात्रा
जागा आहे. एस्ता.

वेलांटी
एस. कार्यक्रम, सभा, लग्न 'असत' नाहीत, 'होतात'. 'कार्यक्रम वर्गात होणार आहे' असं म्हणता येतंय ना, मग सेर. ला फ्येस्ता एस एन कासा (पार्टी घरी आहे). तुम्हाला दहावी तासिका परत.

अर्धविराम
आयने मारलं.